सीझन, सुपारी आणि चाळीस मिनिटं

वाशीम जिल्ह्यात गिटार वाजवून घर चालवणारा माणूस शोधायचा असेल तर संगीत विद्यालयाची पायरी चढू नये. तो भेटतो भीमजयंतीच्या मंचावर, ढोलकीवाला आणि ऑक्टोपॅडवाला यांच्या मधोमध. नाहीतर हळदीच्या मांडवात, किंवा पोहरादेवीकडे सेवालाल महाराजांच्या जयंतीत, गोरमाटी गाण्यांच्या मागे. त्याला गिटारिस्ट वगैरे कोणी म्हणत नाही, "ऑर्केस्ट्रातला" म्हणतात. रियाज कधी करतोस, असं त्याला कोणी विचारत नाही. रोज तर वाजवतो, आणखी काय करायचं?

खाली जे दोघं बोलतात त्यांची नावं देत नाही, त्यांनाही ते नको आहे. मामा वाशीमचे, ऐंशीच्या दशकापासून मंचावर. भाची पुण्यात गिटार शिकवते, अधूनमधून रेकॉर्डिंगला वाजवते, शनिवार-रविवारी कार्यक्रम करते. मी मामांच्या कार्यक्रमांचं निवेदन करतो, त्यामुळे त्यांच्या घरी बसणं-उठणं आहे. श्रावणात भाची माहेरपणाला आली आणि तिनं रियाजाचा तोच प्रश्न सहज विचारला. मामांना तो टोमण्यासारखा लागला.

मामा : रियाज गवयाचा असते, बाई. आपला कार्यक्रम असते. परवा रिसोडले तीन तास वाजवलं. त्याच्या आधी मालेगाव. तो काय रियाज नाही?

भाची : नाही. त्या तीन तासांत तुम्ही वाजवलं ते सगळं तुम्हाला आधीच येत होतं. जे येत नाही ते मंचावर कोण वाजवेल? बयाना घेऊन चुका करायची हिंमत कोणाची आहे?

मामा : मंग तू घरी बसून चुका करतं?

भाची : हो. रोज सकाळी चाळीस मिनिटं. त्याच कामासाठी.

मामा : चाळीसच? तुह्या क्लासात तर पोट्टे आठ-आठ तासांच्या गोठी करतात म्हणे.

भाची : करतात. १९९० साली 'गिटार वर्ल्ड' मासिकात स्टीव्ह वायची दहा तासांची दिनचर्या छापून आली होती, ती अजून मुलांच्या मोबाइलवर फिरते. मी त्यांना एवढंच विचारते, दहा तास बसणार असाल तर घरभाडं कोण भरणार? तो वेळ विद्यार्थ्याचा असतो. दुपारी चार ते नऊ शिकवायचं, रात्री उद्याच्या कार्यक्रमाची गाणी ऐकायची, मधे स्वयंपाक. यातून जे हाती राहतं ते चाळीस मिनिटं.

मामा : आणि त्यात काय करतं?

भाची : पहिली दहा मिनिटं मेट्रोनोम अगदी हळू, चाळीसवर लावून नुसता ठोका पकडायचा. इतक्या हळू लयीत दोन ठोक्यांमधलं अंतर आपलं आपल्याला भरावं लागतं, तिथं खोटेपणा चालत नाही. मग पंधरा मिनिटं एकच गोष्ट, जी येत नाही ती. सध्या माझी लग्गी अडते. ढोलकीवाला दुगुणीत गेला की माझं मनगट ताठ होतं. म्हणून ती मी निम्म्या लयीत वाजवते, आणि मनगट ताठ व्हायला लागलं त्या क्षणी थांबते. उरलेल्या वेळात नवं गाणं. आणि वहीत एक ओळ, उद्या कुठून सुरू करायचं त्याची.

मामा : वही! आमच्या वहीत तारखा असतात.

हे मामांनी हसत म्हटलं, पण वादाचं मूळ तिथंच होतं. एकीची वही रियाजाची, दुसऱ्याची सुपाऱ्यांची. आणि धंदा करणारा वादक आपला दिवस कोणत्या वहीवर चालवतो, हाच खरा प्रश्न आहे. तासांचा हिशेब त्याच्या नंतर येतो.

भाची : कार्यक्रम आणि रियाज वेगळे, हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. अँडर्स एरिक्सन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांकडून रोजच्या डायऱ्या लिहून घेतल्या. तो अभ्यास १९९३ मध्ये छापून आला. दहा हजार तासांचा जो आकडा सगळे सांगतात तो तिथलाच.

मामा : तो आकडा म्या ऐकला हाय. दहा हजार तास केले का माणूस उस्ताद होते.

भाची : असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही. सर्वांत चांगल्या विद्यार्थ्यांचा विसाव्या वर्षापर्यंतचा तो सरासरी हिशेब होता, वचन नव्हतं. मला त्यातलं दुसरंच पटलं. ते एकट्यानं बसत, रोज साधारण साडेतीन तास, तेही तुकडे पाडून. जास्त करून सकाळी, डोकं ताजं असताना. आणि मंचावर वाजवणं, मजेत वाजवणं आणि सुधारण्यासाठी बसणं या तीन गोष्टी त्या अभ्यासात वेगळ्या धरल्यात. दुपारी ते झोप काढत, तीही इतरांपेक्षा जास्त.

मामा : हे मातर म्या पण करतो. झोपेच्या बाबतीत बर्लिन अन् वाशीम एकच हाय म्हणा.

दहा हजारांच्या आकड्यानं किती घरांत भांडणं लावली असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही. भाचीनं तो बाजूला ठेवला हे मला आवडलं. पण तिच्या मांडणीत एक भोक होतं आणि मामांनी ते लगेच गाठलं. बर्लिनच्या पोरांना उद्या कोणत्या पट्टीत वाजवायचं ते आज माहीत होतं.

मामा : मंचावर माह्याकडं कागद नसते. गाणारा मागं वळून म्हणते, काळी एक. पुढच्या गाण्याले बाई येते, तिची काळी चार. त्याच्या नंतर कव्वालीवाला, पांढरी पाच. मधात निवेदक दोन वाक्यं बोलते, तेवढाच टाइम. (मामांनी माझ्याकडे पाहिलं.) हा तर कधी कधी एकच वाक्य बोलते.

भाची : कॅपो असतो ना. (पट्टी बदलायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा.)

मामा : असते. पण कॅपो कुठं लावाचा हे हातानं ठरवावं लागते, डोक्यानं ठरवाले गेलं का गाणं सुरू. पाय, कॅपो चौथ्या फ्रेटवर. ई मायनर धरला का काळी चार, ए मायनर धरला का काळी एक. म्हणजे बाप्या अन् बाई आळीपाळीनं गात असतील तर कॅपो हलवाचंच काम नाही. हे म्याले कोणी शिकवलं नाही. आता तुही मामी चहा ठेवता ठेवता ओरडते, "काळी दोन!" अन् म्या जे गाणं हातात असन ते काळी दोनमध्ये नेतो. मंग "पांढरी चार!" हा माहा रियाज. याले टाइम नसते. चहा उकळेपर्यंत.

मामी आतून : तो उतू गेला का तुमच्या रियाजापायीच जाते.

भाचीनं गिटार घेतली. मामींनी "काळी तीन" म्हटल्यावर ती क्षणभर थांबली, दुसऱ्या फ्रेटवर कॅपो चढवला आणि ई मायनरचा आकार धरला. बरोबर होतं, पण तो क्षण गेला होता. मामांनी काही म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

भाची : गंमत सांगू? तुमच्या या चहाच्या रियाजाला शास्त्राचा आधार आहे. शी आणि मॉर्गन या दोघांचा १९७९ चा एक प्रयोग आहे, हाताच्या साध्या हालचाली शिकण्याचा. काहींनी एकच हालचाल ओळीनं घोटली, मग दुसरी, मग तिसरी. काहींनी तिन्ही उलटसुलट मिसळून केल्या. शिकताना घोटणारे पुढं होते, मिसळणारे अडखळत होते. पण काही दिवसांनी पुन्हा करून पाहिलं तेव्हा मिसळणारे सरस निघाले.

मामा : म्हणजे म्या शास्त्रच करत होतो.

भाची : करत होता. पण एकाच गोष्टीचं. पट्टी बदलण्यात तुम्हाला तोड नाही, मान्य. मात्र 'कर्ज'मधली ती धून तुम्ही ऐकवता तेव्हा शेवटची ओढ दरवेळी थोडी कमी पडते. स्वर चढायचा तिथं पोचतच नाही. मी लहानपणापासून ऐकतेय. तशीच कमी पडते.

इथं खोलीत जरा शांतता झाली. 'कर्ज' १९८० चा, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा. त्यातल्या 'एक हसीना थी' या गाण्यातली गिटारची धून वाजवली गोरख शर्मा यांनी, प्यारेलालजींच्या धाकट्या भावानं. तेव्हापासून गावोगावच्या ऑर्केस्ट्रात गिटारवाल्याला फर्माईश येते ती याच धुनेची. चिठ्ठीवर नुसतं "कर्ज" लिहिलं तरी पुरतं. मामांनी ती शेकडो वेळा वाजवली असेल, आणि पब्लिक दरवेळी शिट्ट्या मारतं. शिट्ट्या मिळाल्यावर ओढ दुरुस्त करायला कोण बसेल? मंचाच्या शाळेत ही उणीव कायमची आहे. तिथं जे चालून जातं ते पक्कं होऊन बसतं, चुकीसकट.

मामा : (जरा वेळानं) ती ओढ कमी पडते हे मले माहीत हाय. तार जाड होती तवा. मुंबईवाल्याची तार पातळ असन.

भाची : आता तर पातळ तारा मिळतात.

मामा : आता बोट तिथंच थांबते. सवय.

तरी मामांच्या बाजूनं बोलायला हवं. ते शिकले त्या काळात रियाजाची सोय वेगळी होती, ती भाचीला माहीत नाही. कॅसेट लावायची, गिटार मांडीवर घ्यायची, आणि टेपरेकॉर्डरमधले सेल उतरले असतील तर गाणं अर्धा सूर खाली वाजायचं. मग गिटारच्या सहाही तारा त्या टेपला मिळवून घ्यायच्या. रिवाइंड करकरून फीत एका जागी पार झिजे. सकाळी विविध भारतीवर गाणं लागलं की ते पुन्हा लागेपर्यंत किती दिवस जातील याचा नेम नसे, म्हणून एका ऐकण्यात कॉर्ड ओळखायचे. कान तयार व्हायला याहून कडक मास्तर नाही. आज यूट्यूबवर गाण्याची लय निम्मी करता येते, कॉर्ड पडद्यावर लिहून येतात. सोय झाली, पण कानाला काम राहिलं नाही. हे भाचीही मान्य करते. ती मुलांना पहिला आठवडा गाणं नुसतं ऐकायला लावते, गिटारला हात न लावता.

मामा : आणि आमचा रियाज रोजचा नसे, सालाचा असे. तुळशीचं लगन लागलं का तारखांची गर्दी सुरू. १५ फेब्रुवारीले सेवालाल जयंती. मंग १४ एप्रिल. पण जयंती काय एका दिवसात आटोपते? प्रत्येक गावाले गाणारा पायजे, म्हणून गावं पुढच्या तारखा धरतात, मेपर्यंत चालते. त्यातच बुद्धपौर्णिमा, लग्नं. आषाढी आली का गाडी बंद. मंग गणपतीपर्यंत मोकळे. त्या मोकळ्या दिवसात म्या तारा बदलो, नवे गाणे बसवो, ढोलकीवाल्याच्या घरी रोज बसो. जे कच्चं असन ते तवाच.

भाची : म्हणजे चातुर्मास पाळत होता.

मामा : देवाचं कारण लोकायले सांगाले. खरं कारण सोयाबीन. पेरणीत सगळा पैसा मातीत जाते, मंडळाजवळ वर्गणी कुठून येईन? सोयाबीन निघालं, बाजार समितीत गेलं, का दसऱ्यापासून पुन्हा जोरात कार्यक्रम.

वाशीम जिल्ह्याचं पीक-पाणी आणि वादकाचा रियाज यांचा असा थेट संबंध कोणत्याही गिटारच्या पुस्तकात सापडणार नाही, पण मी तो इतकी वर्षं डोळ्यांनी पाहतो आहे. जूनमध्ये पेरा झाला की मोबाइल वाजायचे थांबतात.

थांबायचे, असं म्हणायला हवं.

भाची : आता कुठं थांबतात? या श्रावणात किती तारखा आहेत तुमच्या?

मामा : हाय ना. वाढदिवस. एका दुकानाचं उद्घाटन. एक रिटायरमेंट. एक साखरपुडा. अन् नागपूरची एक पार्टी.

भाची : नागपूरला मुक्काम?

मामा : कायले? शेलूबाजारले समृद्धीवर चढलं का झालं. कार्यक्रम करून त्याच रात्री घरी.

भाची : म्हणजे तुमचे मोकळे दिवस गेले. समृद्धीनं वाट जवळ केली आणि तो वेळ रियाजाला मिळाला नाही, दुसऱ्या सुपारीला मिळाला.

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. आमच्या लाइनीतल्या लोकांचं आयुष्य त्यानं जेवढं बदललं तेवढं कोणत्या नव्या वाद्यानंही बदललं नसेल. अकोला, अमरावती, नागपूर, कुठलीही तारीख आता नाही म्हणवत नाही. तारखा वाढल्या हे चांगलंच. पण मामांच्या पद्धतीचा एक खांब म्हणजे आषाढ-श्रावणाची सुट्टी, तो गेला. दुसरा खांब त्याच्या आधीच गेला होता.

मामा : आधी रात्र रात्र वाजवत होतो आपण. आठवते का? (हे मला.) जेवणं झाली का सुरू, अन् पाखरं ओरडेपर्यंत. रात्री दोननंतर पब्लिक कमी, गाणारे थकलेले. मंग आपलं राज्य. ज्या गाण्याले हात लावाची हिंमत होत नव्हती ते तवा वाजवून पाहो. चुकलं तर कोण पाहते, अर्धे लोक सतरंजीवर झोपेल.

भाची : म्हणजे तुम्हालाही चुकायला जागा लागत होतीच. तीच तर मी सकाळी चाळीस मिनिटांत करते.

मामा : पण माह्यासंगं ढोलकी होती, गाणारा होता. तू एकटी.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद झाले. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढंच. मंडळांनी सुरुवातीला कुरकुर केली, मग जमवून घेतलं. आता कार्यक्रम सातला सुरू होऊन दहाला आटोपतो. आजारी माणसाच्या आणि परीक्षेच्या पोरांच्या दृष्टीनं हे योग्यच झालं, मी त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण तीन तासांत सगळी गाणी हमखास टाळ्यांची घ्यावी लागतात. पहाटेची ती सैल वेळ, जिथं वादक पब्लिकसमोर शिकायचा, ती नियमाच्या यादीत नसूनही नाहीशी झाली.

म्हणून माझं मत असं, की मामांची पद्धत चुकीची कधीच नव्हती, पण ज्या वेळापत्रकावर ती उभी होती ते वेळापत्रकच उरलं नाही. आज कोणी विशीतला पोरगा मामांसारखा "कार्यक्रमातूनच शिकीन" म्हणाला तर तो शिकणार नाही, नुसता वाजवत राहील. भाचीची चाळीस मिनिटं ही शहरी शिस्त वगैरे नाही. सालातून गेलेला मोकळा वेळ तिनं दिवसातून कोरून काढला आहे. जो पूर्वी पावसाळा द्यायचा तो आता घड्याळाकडून हिसकावून घ्यावा लागतो.

भाचीचंही सगळंच बरोबर नाही. मागच्या दिवाळीत ती वाशीमला असताना एका कार्यक्रमात मामांबरोबर बसली होती. गायकाला खोकला आला, त्यानं अंतऱ्याची शेवटची ओळ सोडली आणि थेट मुखड्यावर आला. ढोलकी गेली, कीबोर्ड गेला, मामा गेले. भाची ठोके मोजत अंतऱ्यातच उभी राहिली. फार नाही, एखादं आवर्तन असेल. पण मी बाजूला होतो, मला ऐकू आलं. तो विषय या वेळी पुन्हा निघाला.

मामा : ते तुह्या मेट्रोनोममध्ये कुठं हाय? गाणारा श्वास कुठं घेते हे पाहावं लागते. खांदा वर गेला का मुखडा येते.

भाची : घरी याचा रियाज करता येतो. स्टुडिओतली गाणी सोडून मैफलीची, मंचावरची रेकॉर्डिंग लावायची. गाणारा पुढं काय करणार हे माहीत नसलं पाहिजे. त्याच्या मागं जायचं. चुकलो तर पुन्हा धरायचं.

मामा : खांदा दिसते का त्यात?

भाची : श्वास ऐकू येतो.

मामांना हे उत्तर आवडलेलं दिसलं, कारण त्यांनी विषय बदलला.

मामा : सिनेमातले मुंबईवाले कसे करत होते? त्यायले तर गाणं त्याच दिवशी समजे.

भाची : त्यांचा रियाज वाचण्याचा होता. नोटेशन समोर आलं की पहिल्या नजरेत वाजलं पाहिजे. गोव्याचे वादक ते चर्चच्या शाळांतून शिकून यायचे, म्हणून सिनेमाच्या वाद्यवृंदात ते इतके दिसतात. प्यारेलालजींचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा यांनी मुंबईत कितीतरी वादकांना नोटेशन शिकवलं. तिथं गाणं पाठ करून जाण्यात अर्थच नव्हता, कारण गाणं अजून कोणी ऐकलेलंच नसायचं.

मामा : म्हणजे ज्याचा जसा धंदा, तसा रियाज.

भाची : तेच मी म्हणतेय. पण धंद्याला आज काय लागतं तेवढंच पाहिलं तर उद्या अडतो. नव्वदच्या दशकात ते मोठे वाद्यवृंद बंद पडले, कीबोर्ड आणि मल्टिट्रॅक आले. ज्यांच्याकडं वाचनाशिवाय दुसरं काही नव्हतं ते घरी बसले.

मामा : आमच्याकडं पण तेच झालं. आधी दोन गिटार असत, एक लीड अन् एक ऱ्हिदम. आता कीबोर्डवालाच सगळं दाबते. बेस तर गेलाच. मंडळवाले म्हणतात, गिटार पायजेच का?

भाची : मग तुम्हाला का बोलावतात?

मामा : पट्टीमुळं. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण शोधते तोपर्यंत म्या सुरू करतो.

यावर भाची मोठ्यानं हसली. मला वाटतं त्या एका वाक्यात मामांनी आपल्या उभ्या धंद्याचा हिशेब मांडला. त्यांचा चहा उकळेपर्यंतचा रियाज त्यांना अजून पोसतो आहे, आणि त्याला रियाज म्हणायला ते स्वतःच तयार नव्हते.

शास्त्रीयवाल्यांचा विषय निघालाच. मामांनी चिल्ल्याचं नाव काढलं. चाळीस दिवस स्वतःला कोंडून घेऊन वाद्याशी बसायचं, उस्तादांच्या घरातली रीत. गिटारवर रागसंगीत आणणारे ब्रिजभूषण काब्रा हे अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड १९६७ मध्ये आली, तेव्हा हे परदेशी वाद्य मींड घेऊ शकतं हे घराघरांत कळलं. भाचीचं म्हणणं, ती वाट वेगळी. तिथं रियाज हीच साधना, आणि कार्यक्रम तिचं फळ. इथं फळ आधी विकलेलं असतं. मी या भागात फार रेंगाळत नाही. चाळीस दिवस कोंडून घेणाऱ्याच्या घरी किराणा कोण भरतं, हा प्रश्न त्या गोष्टी सांगणारे सहसा टाळतात.

हाताचा विषय मात्र दोघांनाही टाळता येत नव्हता.

मामा : माह्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखते. एप्रिलमध्ये लय. ओळीनं तारखा आल्या का बॅरे कॉर्ड धरवत नाही.

भाची : मग तारखांच्या दिवशी घरी वाजवायचं नाही. अजिबात. कॅपो लावून मोकळे आकार धरायचे. पियानोवाले लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात साठच्या दशकात आखडला, पुढं कितीतरी वर्षं ते फक्त डाव्या हातानं वाजवत होते. रियाज न करणं हाही वेळापत्रकाचा भाग असतो, मामा. एप्रिलमध्ये तुमचा रियाज म्हणजे आराम.

मामा : आणि श्रावणात?

भाची : श्रावणात 'कर्ज'ची ओढ. रोज दहा मिनिटं, पातळ तार लावून.

मामा : दहा मिनिटं कोणत्या टायमाले? सकाळी लाइन नसते, दुपारी झोप, संध्याकाळी फोन.

भाची : अँपला लाइन लागते, गिटारला नाही. ब्रिजपाशी तारांखाली रुमाल सरकवा, आवाज दबतो, शेजारीही उठत नाहीत. आणि फोन बंद ठेवा.

मामा : फोन बंद ठेवला तर तारीख जाते! तुह्यं पुण्याले चालत असन. इथं मंडळाचा पोरगा एकदाच फोन लावते, नाही उचलला का पुसदवाल्याले लावते.

भाची : दहा मिनिटांत?

मामा : दोन मिनिटांत.

यावर भाचीकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. पगारदार माणसाला रियाजाचा तास राखून ठेवता येतो. तारखेवर जगणाऱ्याचा प्रत्येक तास कोणाच्या तरी फोनच्या ताब्यात असतो. शेवटी मामीच म्हणाल्या की फोन त्यांच्याकडे द्या, त्या उचलतील आणि तारीख लिहून घेतील. मामांनी भाव कोण ठरवेल असं विचारलं. मामी म्हणाल्या, तोही त्याच ठरवतील, आणि तुमच्यापेक्षा जास्त सांगतील.

भाची : बरोबर आहे मामींचं. मी तर रियाजाचे पैसे मानधनात धरते. दोन तासांच्या कार्यक्रमाला नवी दहा गाणी बसवायची असतील तर दोन तासांचेच पैसे का घ्यायचे? तयारीला दिवस गेलेले असतात.

मामा : कोणतं मंडळ देईन रियाजाचे पैसे? वर्गणीच्या पावतीवर काय लिहीन?

भाची : मग तुम्ही फुकटच बसवता नवी गाणी?

मामा : नाही. आता आदल्या रात्री अकरा वाजता गाणं पाठवलं, का हे उद्या पायजेच, तर त्याचे वेगळे घेतो. मागच्या गणपतीपासून सुरू केलं. देतात.

भाची : म्हणजे रियाजाचेच पैसे घेता की!

मामा : रियाजाचे नाही, बाई. झोपेचे.